माशांच्या पेटीचं कुंकू

भागीरथीबाईंनी चामुंडीदेवीला एकदा नवस केला होता. तो कधीच फिटला, तरी त्या अजून पाळतात. खंडेनवमीला घरातल्या मिक्सरला, शिलाई मशीनला, नवऱ्याच्या स्कूटरला कुंकू लागायच्या आधी एक वात लागते, वेदवती नावाच्या एका परक्या बाईसाठी.

यंदाही लागली. रात्री जेवणं उरकल्यावर शरत आणि भव्या, त्यांच्या नवऱ्याची, दामोदररावांची भाचरं, व्हरांड्यात मामांना खेटून बसली.

"ही वेदवती कोण हो, मामा?" शरतनं विचारलं.

दामोदररावांनी आत पाहिलं. "सांगू का गं?"

"सांगा की," भागीरथीबाई आतून म्हणाल्या. "माझा भाऊ आहे म्हणून झाकू मात्र नका."

"मामा, सुम्ने, उगाच घाबरवायचं नाही हां," भव्या म्हणाली.

"अय्यो, मी कशाला घाबरवू? घडलं तेवढंच सांगतो."

आणि त्यांनी सांगितलं ते असं.

वेंकोजीराव हा भागीरथीबाईंचा थोरला भाऊ. मेटगळ्ळीला त्याचा मैसूरपाकचा कारखाना. गोडाचा धंदा म्हटला की माशा आल्याच, म्हणून पॅकिंगच्या खोलीत त्यानं निळ्या दिव्याची पेटी टांगली होती. उजेडाला भुलून माशी आत जायची, करंटच्या जाळीला लागायची, चट्ट आवाज व्हायचा आणि खालच्या ट्रेमध्ये पडायची. तो ट्रे साफ करायचं काम वेदवतीकडे. बन्नूरहून पहिल्या बसनं यायची, डोक्याला कारखान्याची पांढरी टोपी, तोंडानं फटकळ.

"अण्णा, पेटी करंट मारते. प्लग काढून साफ करू द्या," असं ती कितीदा म्हणाली.

प्लग होता साखरेच्या पोत्यांच्या थप्पीमागं. पोती हलवायची म्हणजे काम थांबणार.

"कोरड्या फडक्यानं पूस. त्यात माशा मरतात, माणसं नाही," वेंकोजीराव हसून म्हणायचा.

"मेले तर माशी होऊनच येईन, अण्णा. तुमच्या मैसूरपाकवर बसेन." तीही हसायची.

आषाढातल्या एका सकाळी, फरशी नुकती धुतलेली असताना, ती पेटी पुसायला गेली. चट्ट असा आवाज झाला. नेहमीपेक्षा मोठा.

वेंकोजीरावानं बन्नूरला जाऊन तिच्या आईला सांगितलं, "फिट आली हो तिला, त्यातच गेली. आम्ही काय करणार?" पुढं तो सगळ्यांनाच तसं सांगत सुटला. म्हातारी एवढंच म्हणाली, "माझ्या पोरीला कधी फिट आली नव्हती." पण गावात बोलणं पसरलं. घराण्यात फिट आहे म्हणून वेदवतीच्या धाकट्या बहिणीचं, सहनाचं, ठरलेलं लग्न मोडलं.

वेंकोजीरावानं जुनी पेटी भंगारात घातली आणि नव्या तऱ्हेची आणली. हिच्यात जाळी नाही, दिव्यामागं चिकट पाटी असते. माशी येते आणि चिकटून बसते. पोती मात्र होती तिथंच राहिली.

मग आली दोन हजार बावीसची खंडेनवमी. मंगळवार होता. कढया, वजनकाटे, पेटी, सगळ्यांना कुंकू-झेंडू झालं, दारात कोहळा फुटला. पूजेला बसलेलं कारखान्यातलं यंत्र दशमीची सकाळ होईपर्यंत चालवायचं नाही, ही आपली रीत. दसऱ्याच्या ऑर्डरीचे ट्रे झाकून सगळे घरी गेले. रात्री साडेअकराला वेंकोजीरावाच्या मनात आलं, फडकी नीट पांघरलीत ना, बघून यावं. स्कूटर काढली आणि गेला.

कुलूप उघडलं तर आतून घोंघावणं ऐकू आलं.

अंधारात माशी उडत नाही. गपचूप बसून राहते. आणि इथं खोलीभर माशा घोंघावत होत्या. त्यानं बटण दाबलं, ट्यूब लागली नाही. ऑर्डर नासणार, या एकाच भीतीनं त्यानं अंधारात पोत्यांमागं हात घातला आणि पूजेला बसलेल्या पेटीचा प्लग लावला.

निळा उजेड पसरला. त्या उजेडात बाकी काही नीट दिसत नाही, पांढरं कापड तेवढं पेटल्यासारखं चमकतं. खिळ्याला एक टोपी होती. चमकत होती.

माशा दिव्याकडं गेल्या नाहीत.

आता टोपी खिळ्यावर नव्हती. माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर होती. खाली काही नव्हतं...

"अण्णा..."

आवाज तिचाच.

"प्लग काढला का, अण्णा?"

त्यानं प्लग उपटला. प्लग हातात. दिवा तसाच. निळा.

टोपी जवळ आली.

"अण्णा... मला फिट येत होती?"

तो प्लग धरून मागं सरकला.

"सांगा ना..."

उत्तर द्यायला त्यानं तोंड उघडलं. आणि माशा...

दामोदरराव थांबले. आत निरांजनाजवळ भागीरथीबाईंचे हात वाती वळता वळता थांबले होते. भावाला त्या सकाळी त्यांनीच आधी पाहिलं होतं. तो पेटीखाली बसलेला, प्लग मुठीत घट्ट, डोळे उघडे, श्वास चालू. आणि ओठांवर माशांचा काळा थर. हाकलाव्यात तर परत तिथंच. मैसूरपाकवर मात्र एकही बसली नव्हती. दवाखान्यातल्या बंद, थंडगार खोलीतसुद्धा त्या त्याच्या ओठांवर आल्या. डॉक्टरांनी हात टेकले.

तेव्हा कारखान्यात कढईवर काम करणारा मंजुनाथ रडत म्हणाला, "अक्का, तिला फिटबिट काही नव्हती. प्लग पोत्यांमागं होता. आम्ही सगळे बघत होतो."

भागीरथीबाई तिथंच, चामुंडीच्या डोंगराकडं तोंड करून म्हणाल्या, "आई, मी त्याला बन्नूरला नेते. खरं बोलायला त्याचं तोंड मोकळं कर. मी तिच्या नावानं वात लावीन."

त्यांनी नेलंही. म्हातारीच्या ओट्यावर, गावासमोर, माशा एकदम उठल्या. वेंकोजीराव घडाघडा बोलला. पोती, प्लग, फिटची थाप, ती रात्र, सगळं. मग तोंड मिटलं. ते बोलायला आजवर उघडलेलं नाही. जीभ शाबूत आहे, शब्द नाही. आता कारखाना मंजुनाथ बघतो. थप्पी हलवली आहे.

"म्हणजे तिनं सोडलं नाहीच त्यांना," भव्या पुटपुटली.

"खरं बोलण्यापुरतं सोडलं," दामोदरराव म्हणाले.

"आणि सहना?" शरतनं विचारलं.

"लग्न झालं की तिचं," आतून भागीरथीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता जरा सैल झाला होता. "मी ओटी भरून आले. चांगली माणसं आहेत."

त्या देवघरातून जुन्या साडीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आल्या. पेटीतली ती चिकट पाटी होती, भाऊ सापडला त्या सकाळची. तिच्यावर एकही माशी नव्हती. होता बाईच्या हाताचा उमटलेला पंजा. डिंक केव्हाच वाळून कडक झाला होता.

"वर्षभर पंजा कोरा असतो," त्या म्हणाल्या. "मघाशी वात लावून उघडलं, तेव्हा हे होतं. दरवर्षी असतं. मी लावत नाही, हे लावत नाहीत..."

पंज्याच्या मधल्या बोटावर कुंकू होतं. ओलं.

भव्यानं शरतचा हात धरला.

भागीरथीबाईंनी पाटी पुन्हा साडीत गुंडाळली. "बाळांनो, तुम्हीही पुढं यंत्रांची पूजा कराल, कारखान्यात, ऑफिसात. यंत्राला कुंकू लावायच्या आधी, त्यावर ज्यांचे हात झिजले त्यांच्या नावानं एक वात लावा. आणि प्लग कुठं आहे ते तेवढं बघा. एवढं माझ्यासाठी कराल ना रे?"