उजवी सीट, बावन्न किलो

"चला, चढा काट्यावर." मी त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. यापेक्षा रुक्ष सुरुवात कुणाच्या प्रेमाची झाली नसेल.

धावपट्टीच्या कडेला आमची पत्र्याची खोली होती. माझा थोरला भाऊ, दादा, पट्टीची देखरेख करायचा आणि मी वजनकाटा सांभाळायचे. चार माणसांची खाजगी विमानं यायची. उडण्याआधी माणसं, बॅगा, टाकीतलं पेट्रोल, सगळ्यांचं वजन मी तक्त्यात मांडायचे. बेरीज हद्दीत हवी आणि भारही नीट वाटलेला हवा; मागं जास्त झाला तर विमान नाक वर काढतं आणि वैमानिकालाही जुमानत नाही. तोंडी सांगितलेला आकडा मी कधी धरला नाही. बायकांचा तर नाहीच.

तो नवा वैमानिक काट्यावर उभा राहिला.

"अडुसष्ट," मी म्हणाले.

"बूट धरून?"

"मग काय, बूट इथं ठेवून उडणार आहात?"

तो हसला. "आणि काटेवाली, तुमचं किती?"

"मला कुठं उडायचंय!"

"समजा... उडायचं झालं तर?"

"बावन्न," मी म्हणाले, आणि उगाच काटा पुसायला लागले. एकसष्ट होतं.

त्यानं खिशातल्या वहीत लिहिलं – 'उजवी सीट, बावन्न'. "जागा राखून ठेवली," म्हणाला.

मग वर्षभर तो येत राहिला. मी पेटी वजन करायला घेतली की हळूच तिच्यावर बोट टेकायचा.

"वजनात तुझं बोट आहे," मी म्हणायचे. एव्हाना 'तुम्ही' कधीच गळून पडलं होतं.

"बोट काढतो. हात देतेस?"

एका दुपारी दिला. पत्रा तापला होता, बाहेर वाऱ्याची पिशवी निपचित लोंबत होती, आणि पेटी काट्यावर तशीच पडून राहिली...

पुढं त्याचं विमान डोंगरापलीकडच्या एका मालकानं विकत घेतलं. विमान घेऊन त्यानं तिकडंच नोकरीवर राहायचं ठरलं. दादा आधी गुरगुरला, मग विरघळला. "जा याच्याबरोबर, तिकडं आत्याकडे उतर. महिन्याभरात येऊन लग्न लावून देतो," म्हणाला. वहिनीनं माझी बॅग भरली.

निघायच्या दिवशी गावातला डॉक्टर धावत आला. एका म्हातारीला तातडीनं पलीकडच्या इस्पितळात हलवायचं होतं. सोबत तिची लेक आणि प्राणवायूची जड नळकांडी.

मी माझी बॅग उतरवली. पुन्हा बेरीज केली. उजव्या सीटपुढं त्यानं आधीच आकडा भरून ठेवला होता, बावन्न. तीन किलो शिल्लक राहत होते.

पेन्सिल हातात धरून मी उभी राहिले. मला यायचं होतं हो... इतकं यायचं होतं! पण मागच्या सीटवर ती म्हातारी डोळे मिटून श्वास ओढत होती.

"बावन्न नाही," मी हळूच म्हणाले. "एकसष्ट आहे."

"काय?"

"त्या दिवशी खोटं सांगितलं. सहा किलो जास्त होतात."

तो बघतच राहिला. "सहा किलोनं काय होतंय? तेवढं पेट्रोल काढतो."

"आणि खिंडीत ढग लागले तर परत कशावर फिरशील? पट्टी आखूड, ऊन हे असं... दुसऱ्या कुणाला हा तक्ता मी दिला असता का?"

त्यानं तक्त्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "काट्यावर तरी चढ एकदा."

नाही चढले. सगळ्यांसमोर, त्याच्यासमोर... लाज वाटली. तक्त्यातली माझी ओळ मी खोडली. त्यानं सही केली. विमान पट्टीच्या अगदी टोकाला जाऊन उचललं. म्हातारी वाचली.

मी मागाहून गाडीनं जाणार होते. पण दहाव्या दिवशी दादाचं अर्धं अंग लुळं पडलं. काटा, पट्टी, वहिनीची दोन पोरं, सगळं माझ्यावर आलं. 'दादा जरा उठू दे' असं मी त्याला तीनदा लिहिलं. चौथं पत्र त्याचं आलं. त्यात एवढंच होतं : 'खरं सांग, त्या दिवशी वजन जास्त होतं, की तुला यायचंच नव्हतं?'

मला राग आला. आठ महिने उत्तर दिलं नाही. मग एका सकाळी काट्यावर चढले, आकडा कागदावर लिहिला, दादाची सही घेतली आणि पाठवला. त्याच्या उत्तरात लग्नपत्रिका होती.

आता दादा नाही, पट्टीवर गवत आहे. परवा नातसून – दादाच्या नातवाची बायको – मला तपासणीला घेऊन गेली. नर्सबाई म्हणाल्या, "आजी, चढा काट्यावर."

चढले.

"बावन्न," त्या म्हणाल्या. "फार कमी झालंय हो. जेवत नाही का नीट?"

"पुन्हा एकदा बघा ना," मी म्हणाले.

त्यांनी पाहिलं. बावन्नच होतं.