उपाशी माणसाच्या शेजारी

सवाना या अमेरिकन बंदराच्या शहरातल्या त्या खानावळीत अनोळखी लोकांना एकाच लांब टेबलाशी बसवतात आणि जेवणाचे वाडगे हातोहात फिरतात. आपल्या पंगतीसारखंच, फक्त वाढपी नसतो. शेजाऱ्यानं दिलं की आपण घ्यायचं आणि पुढे द्यायचं.

हिमानीच्या शेजारचा माणूस नुसता पुढेच देत होता.

तळलेली कोंबडी आली, त्यानं पुढे दिली. लोण्यात परतलेली कोळंबी आली, पुढे दिली. भेंडी आली, मक्याचा पाव आला... त्याचं ताट कोरडं ठणठणीत. हिमानीच्या पोटात सकाळपासून विमानतळावरच्या कॉफीशिवाय काही नव्हतं. मैत्रिणीसोबत, रीमासोबत, ठरवलेली ही ट्रिप रीमानं आयत्या वेळी कॅन्सल केली होती. आज फिरायचं आणि उद्या सकाळच्या विमानानं प्लेनोला घरी परत, सगळं एकटीनंच. त्यात हा शेजारी.

मालकीणबाई मिस लोरेन पाणी ओतता ओतता म्हणाल्या, "याच्याकडे लक्ष नको देऊस. महिन्यातून एकदा हा असा चंद्राची वाट बघत बसतो."

"चतुर्थी आहे की काय..." हिमानीच्या तोंडून मराठीतच निघालं.

तो वळला. पस्तिशीचा असेल. चेहरा दमलेला, पण हसला तेव्हा बरा दिसला.

"संकष्टी. मी यतीन. इथल्या पोर्टवर सॉफ्टवेअरचं काम बघतो."

"हिमानी. उपास आहे तर इथे कशाला आलात? लोकांची भूक बघायला?"

"घरी एकटा बसलो की चंद्र उगवतच नाही."

"रताळी घ्या मग. उपासाला चालतात."

"वर मार्शमेलो वितळवलेत. त्यात जिलेटिन असतं, उपासाला चालत नाही."

तिनं कोळंबीचा वाडगा उचलला आणि तसाच खाली ठेवला. उपाशी माणसासमोर आपण जेवायचं नाही, हे नागपूरला आईनं इतकं बजावलं होतं की घास उचलेना. कोळंबीचा वास थेट टाळूला लागत होता.

"जेवा ना तुम्ही," तो म्हणाला.

"कशी जेवू? तुमचं ताट बघा. दुसरी खुर्ची मिळाली नाही का तुम्हाला?"

तेवढ्यात त्याचा फोन थरथरला. त्यानं मेसेज वाचला, पुन्हा वाचला आणि फोन पालथा घातला.

"काही झालं का?"

"नाही. मेव्हणीचा आहे. इथेच अमेरिकेत, एडिसनला असते." त्यानं खुर्ची मागे सरकवली. "चला, बाहेर जाऊन चंद्र शोधू. इथे बसून तुमचे हाल नकोत."

मिस लोरेननी न विचारता दोघांचं जेवण एका डब्यात बांधून दिलं. त्याला उपाशी सोडून जेवणं जमणार नव्हतं, म्हणून हिमानी निघाली; जोडीनं डबा बांधणाऱ्या त्या बाईंचाही तिला राग आला.

बाहेर हवा दमट होती. चौकाचौकांत ओकची जुनी झाडं, त्यांच्या फांद्यांवरून जटांसारखं लोंबणारं शेवाळ. त्या झाडांतून चंद्रच काय, विमानही दिसलं नसतं. रस्त्यावर लोक प्लास्टिकच्या ग्लासातून बिअर पीत निवांत चालले होते. कोपऱ्यावर एक गाइड पर्यटकांना भुतांच्या गोष्टी सांगत होता.

"माझं भूतही याच्या गोष्टीत येणार," हिमानी म्हणाली. "भुकेनं मेली म्हणून."

तो मोठ्यानं हसला, बऱ्याच दिवसांनी हसल्यासारखा.

"उपास माझ्या बायकोचा," तो म्हणाला. "मृणालिनीचा. ती उपाशी असायची आणि मी तिच्यासमोर चार वेळा जेवायचो. तीन वर्षं झाली तिला जाऊन. तेव्हापासून मी धरतो. तिची आई पुण्याहून कॅलेंडर पाठवते, त्यात बघून."

हिमानीनं डबा दुसऱ्या हातात घेतला. "सॉरी" म्हणावं, तर हातातल्या डब्यातून लोण्याचा वास येत होता आणि मन तिकडेच धावत होतं. तिला स्वतःचाच वैताग आला.

दोघं गच्चीवरच्या एका बारमध्ये गेली, तर आकाशात ढग. दुसरीकडे गेली, तर खास चंद्र बघायला म्हणून बसवलेल्या खुर्च्यांवर एक लग्नाचं वऱ्हाड नाचत होतं. यतीन पुढे, ती मागे. पूर्वी ऋषीनं साखरपुड्यानंतर लग्नासाठी तिला दोन वर्षं "आता ठरवू, मग ठरवू" करत थांबवलं होतं. शेवटी तिनंच अंगठी परत केली आणि स्वतःला बजावलं होतं, यापुढे कुठल्याही पुरुषासाठी थांबायचं नाही. आणि आज, ज्याचं आडनावही माहीत नाही त्याच्या चंद्रासाठी ती उपाशी थांबली होती.

शेवटी दोघं नदीकाठच्या फरसबंद रस्त्यावर येऊन बाकावर बसली. मागे कुणीतरी सॅक्सोफोन वाजवत होतं. समुद्राच्या बाजूचे ढग फाटले, कडा उजळली...

"आला," ती उठून उभी राहिली.

तेवढ्यात एक मालवाहू जहाज आलं. चार मजली चाळ चालत यावी तसं, कंटेनरवर कंटेनर रचलेलं, चंद्रासमोरून. अगदी सावकाश.

"तुमच्या पोर्टचं?"

"आमच्याच," तो ओशाळून म्हणाला.

"सांगा त्याला, पळ म्हणावं."

जहाज गेलं. लालसर, थोडा झिजलेला चंद्र पाण्यावर निवांत बसला होता. यतीननं हात जोडले. मग डबा उघडला आणि पहिली उचलली ती कोळंबी.

हिमानी बघतच राहिली. "संकष्टी सोडताना कोळंबी?"

त्यानं ती हातातच धरली. "आज संकष्टी नाही."

"म्हणजे?"

"पुण्याला आज आहे. इथे चंद्रोदयाची चतुर्थी कालच होऊन गेली. मेव्हणीनं विचारलं, कालचा उपास नीट झाला ना? मृणालिनी असताना तीच दिवस बघायची, मी कधी विचारलं नाही. तीन वर्षांत कितीदा चुकलो असेन... ती असती तर पोट धरून हसली असती."

"हे तुम्हाला टेबलाशीच कळलं होतं?"

"हो."

"आणि मी इथे—" तिनं हातानं डब्याकडे दाखवलं. "अरे, वेडा आहेस का तू? मी भुकेनं मरतेय आणि तू मला गच्च्या चढायला लावल्यास?"

"सांगितलं असतं तर तुम्ही जेवून हॉटेलवर गेला असता." तो नदीकडे बघत म्हणाला. "माझ्यासाठी कुणी उपाशी राहिलंय, हे... मला लगेच संपवायचं नव्हतं. चुकलंच माझं. पण या तीन वर्षांत चंद्र उशिरा उगवावा असं आजच वाटलं."

तिचा राग होताच, पण तो भुकेच्या मागे रांगेत उभा होता. तिनं डबा ओढून घेतला, एक कोळंबी तोंडात टाकली. डोळे आपोआप मिटले.

"उद्याचं विमान सकाळचं आहे," ती म्हणाली.

"इतक्या लवकर?"

"दुपारचंही असतं एक. पुढची संकष्टी कधी आहे ते नीट बघून सांगणार असशील, तर बदलून घेते."

"बघतो. इथली."

तिनं डबा त्याच्यापुढे धरला. पुढे द्यायला शेजारी कोणी नव्हतं. त्यानं घेतला आणि जेवायला लागला.