हरकत घ्यायला कोणी यावं म्हणून

मंडळी, आधीच सांगून ठेवतो, ही गोष्ट तुम्हाला पटणार नाही. शेजारच्या पाववाल्याची बायको एकदा दिवसभर गप्प बसली होती, हे एक वेळ ओढूनताणून पटेल. पण एका बाईने दारू विकायच्या परवान्यासाठी अर्ज केला आणि मग त्या अर्जाला कोणीतरी आडवं यावं म्हणून डोळ्यांत प्राण आणून वाट पाहिली, हे कोणाच्या बापाला पटणार नाही. नका पटवून घेऊ. ऐका मात्र.

त्या सकाळी पबच्या दाराला आतून कडी होती, आणि वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात थोरली वकिलासमोर बसली होती. सगळी गल्ली तिला थोरलीच म्हणायची. ज्या धाकट्यामुळे ती थोरली झाली, तो घर सोडून गेल्याला वर्षं लोटली, तरी हाक तीच राहिली. तिच्या वडिलांना सगळे मालक म्हणत. मालक गेले, पण परवान्याची मुदत अजून बरीच वर्षं शिल्लक होती, त्यामुळे पब चालत राहिला. आता ती मुदत संपत आली होती आणि अर्ज थोरलीच्या स्वतःच्या नावाने करायचा होता.

तिथला नियम असा, की परवान्याचा अर्ज केला की त्याची नोटीस दुकानाच्या दाराला चिकटवायची आणि वर्तमानपत्रात छापायची. ज्याला हरकत असेल, त्याने सुनावणीच्या दिवशी जातीने यायचं आणि अर्जदाराच्या समोर उभं राहून तोंडाने सांगायचं. चिठ्ठी चालत नाही, निरोप चालत नाही. वकील बिचारा अनुभवी माणूस. तो थोरलीला समजावत होता, की बाई, लोक ही नोटीस दाराच्या अशा कोपऱ्यात लावतात, की वाचायला पालीलासुद्धा चष्मा लागावा. आणि तुम्ही ठळक अक्षरांत काय मागताय, आणि वर डोंगरापलीकडच्या त्या गावच्या वर्तमानपत्रात कशाला छापायला सांगताय?

"तिकडचा माणूस इतक्या लांब प्यायला येणार आहे का?"

"प्यायला नाही," थोरली म्हणाली, आणि चूल पेटवायला उठली. चूल पेटवायची काही गरज नव्हती. पण पाठ फिरवायला काहीतरी निमित्त हवं होतं...

डोंगरापलीकडच्या त्या गावात धाकटा शाळामास्तर होता. सुट्टीच्या दिवशी तो चौकात उभा राहून दारूविरुद्ध भाषणं करायचा, आणि म्हणतात की तो बोलायला लागला की त्या गावातल्या बाटल्यांची बुचं आपोआप घट्ट बसायची.

धाकट्याला जन्म देऊन आई गेली, तेव्हा थोरली स्वतःच अजून झोक्यावर बसायच्या वयाची होती. तिने एक जुनं पिंप उभं कापून घेतलं, त्यात गोधडी घातली, आणि काउंटरमागे त्यात त्याला झोपवलं. एका पायाने पिंप हलवायचं आणि दोन्ही हातांनी पेले विसळायचे, अशी ती वाढली आणि असाच तो वाढला. गिऱ्हाइकं पेले आपटत तेव्हा पोर गाढ झोपे, आणि पब रिकामा झाला की शांततेला दचकून रडायला लागे. पिंपं करणाऱ्या सुताराने थोरलीला मागणी घातली होती. ती म्हणाली, धाकटा थोडा मोठा होऊ दे. सुताराने वाट पाहिली, धाकट्यासाठी लाकडी घोडा करून दिला, मग घोड्याला खोगीर करून दिलं, मग तबेला... आणि शेवटी लाकूड संपलं तेव्हा दुसरीकडे लग्न करून मोकळा झाला. थोरलीने त्याच्या लग्नात पाहुण्यांचे पेले भरले, हसतमुखाने भरले, आणि घरी येऊन झोपलेल्या धाकट्याच्या केसांतून हात फिरवत बसली. तिच्या कोवळ्या अंतःकरणातलं सगळं वात्सल्य, सगळी माया, सगळी तहान त्या एका पोरात जाऊन बसली होती!

आता मालकांच्या धंद्याची एक रीत होती. नवीन पिंप उघडलं की पहिला पेला मालकाने घ्यायचा, गिऱ्हाइकांच्या देखत, उभ्याने, एका दमात. ज्या पिंपाला मालक तोंड लावत नाही, त्याला गिऱ्हाईक हात लावत नाही. आणि एके दिवशी डॉक्टरांनी मालकांना सांगितलं, की तुमचं काळीज आता चाळणी झालंय, यापुढे एक पेला म्हणजे विष समजा. मालकांनी थोरलीला कोठीत बोलावलं, दार लावून घेतलं आणि तिचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "कोणाला कळता कामा नये. धाकट्यालासुद्धा नाही. पोरगं भोळं आहे, बोलून जाईल, आणि दुकान बसेल."

त्या दिवसापासून मालकांचा पेला थोरली भरायला लागली. सगळ्यांना दिसेल असा. त्यात असायचा कोरा चहा, गार करून ठेवलेला, आणि वर फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचा फेस. मालक तो चहा असा झोकात रिचवत की पाहणाऱ्याचं डोकं गरगरावं. एकदा तर त्या चहाने झिंगून त्यांनी पाववाल्याच्या गळ्यात पडून जुनी भांडणं मिटवली होती, आणि दुसऱ्या दिवशी शुद्धीवर येऊन पुन्हा सुरू केली होती.

हे सगळं गल्लीने पाहिलं आणि हसून सोडून दिलं. एकाच्या मनात मात्र ते काट्यासारखं रुतत गेलं. धाकटा आता मिसरूड फुटलेला, पुस्तकं वाचणारा मुलगा झाला होता. वडील दिवसेंदिवस वाळत चालले आहेत आणि ताई त्यांचा पेला भरतेच आहे, भरतेच आहे... तो तिच्याकडे बघेनासा झाला. ताटावरून उठून जायचा. आणि ती वडिलांच्या डोक्यावर हात ठेवून दिलेलं वचन सांभाळत गप्प राहायची.

मग ती दुपार आली. पब बंद होता. थोरली बाजारात गेली होती. वरच्या खोलीत मालक अंथरुणाला खिळलेले, आणि उशाशी धाकटा. ती परत आली तेव्हा मालक निघून गेले होते. शांत, समाधानी चेहरा. उशाजवळ एक पेला होता. तिने तो उचलला, आणि सवयीने नाकाशी नेला...

चहा नव्हता.

तेवढ्यात मागून धाकटा बोलला. रडून रडून त्याचा आवाज चिरकला होता.

"माझ्याकडे असं बघू नकोस, ताई. मी एकच दिला. शेवटचा, हात जोडून मागत होते म्हणून. एकाने काय होतंय? तू तर वर्षानुवर्षं ओतलीस. तू मारलंस त्यांना. तू!"

थोरलीने तोंड उघडलं. एक शब्द, फक्त एक शब्द बोलायचा होता, आणि तिच्या माथ्यावरचा हा घोर कलंक जागच्या जागी पुसला गेला असता. पण तो कलंक तिच्या माथ्यावरून पुसला जाऊन कोणाच्या माथ्यावर जाऊन बसला असता? मिसरूड फुटलेलं ते पोर, पिंपात झोपवून वाढवलेलं... त्याने ते ओझं जन्मभर वाहायचं? तिने तोंड मिटलं. पेला घेऊन खाली गेली आणि विसळून, पुसून, फळीवर ठेवला. मग वर येऊन म्हणाली, "हो रे. मीच."

धाकटा त्याच आठवड्यात गेला. जाताना उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, की या घरात आता पाय ठेवणार नाही. एवढं मात्र खरं, की हे दुकान बंद पाडायची कधी वेळ आली, तर तेवढ्यासाठी जगाच्या पाठीवर असेन तिथून येईन.

दुसरी एखादी बाई या वाक्याने उभी जळली असती. थोरलीने ते उराशी धरून ठेवलं. कारण काही झालं तरी त्यात "येईन" असं होतं.

पुढची वर्षं कशी गेली ते काय सांगावं! लाकडी फरशीवर वाजणाऱ्या पावलांवरून ती न बघता गिऱ्हाईक ओळखायची. फक्त एक पाऊल कधी वाजलं नाही. दर थंडीला ती त्याच्यासाठी एक स्वेटर विणायची, खांद्यात बोटभर वाढवून. मग खांदे वाढायचे थांबले असतील असं धरून ती पोटात वाढवायला लागली. "मास्तर झालाय, बैठं काम," ती पाववाल्याच्या बायकोला सांगायची, "सुटलं असेल थोडं." कपाट स्वेटरांनी असं गच्च भरलं, की दार उघडलं तर आतून ऊब अंगावर यावी. पाठवायची तिची छाती नव्हती. परत आलं असतं तर?

आणि मग मुदत संपायला आली. अर्ज करायचा म्हणजे नोटीस, नोटीस म्हणजे हरकत, आणि हरकत म्हणजे... जातीने, समोर उभं राहून, तोंडाने. रागाने का होईना, पण तिच्याकडे बघून!

तिने नोटीस दाराच्या मधोमध चिकटवली आणि रोज सकाळी फडक्याने पुसायला लागली. पाववाला छाती काढून म्हणाला, थोरले, अजिबात घोर करू नको, अख्ख्या गल्लीत तुझ्या विरुद्ध जाणारा एक माणूस सापडणार नाही. तर हिचा चेहरा एवढासा झाला. म्हणाली, "असं अभद्र बोलू नका हो." तो बिचारा पाव जळेपर्यंत विचार करत उभा राहिला.

वकिलाने शेवटचं विचारून पाहिलं. "हरकत मान्य झाली तर दुकान जाईल. मग काय करणार?"

"पेले विसळायला कुठेही लागतात," ती म्हणाली.

सुनावणीच्या दिवशी तिने एकच स्वेटर पिशवीत घातला, सगळ्यात नवा, आणि कचेरीत पहिल्या बाकावर जाऊन बसली. परवाना अधिकारी जाडजूड, घसा खाकरणारे गृहस्थ. त्यांनी अर्ज वाचला आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, कोणाची हरकत आहे का?

आणि मंडळी, दार उघडलं! असं उघडलं, की भिंतीवरचं घड्याळ दचकून तास चुकलं. दारात धाकटा. कानशिलं पिकलेली, कोटाच्या कोपराला ठिगळ, आणि पोट... पोट मुळीच सुटलेलं नव्हतं. उलट इतका वाळला होता की थोरलीच्या काळजाचं पाणी पाणी झालं. तो ताठ चालत आला, तिच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, माझी हरकत आहे. या बाईने माझ्या वडिलांना स्वतःच्या हाताने पाजून मारलं.

अधिकाऱ्यांनी विचारलं, बाई, हे खरं आहे?

सगळं दुकान, सगळं आयुष्य एका शब्दावर टांगलेलं! आणि थोरली कशाकडे बघत होती? त्याच्या कोटाच्या ठिगळाकडे. टाके कच्चे होते, स्वतःच घातलेले. "हो," ती म्हणाली, "खरं आहे." आणि तिच्या चेहऱ्यावर असं तेज आलं, की कारकुनाने खिडकीचा पडदा ओढून घेतला.

अधिकाऱ्यांनी अर्ज नामंजूर केला. धाकटा जिंकला. पण जिंकलेल्या माणसाला हरलेल्या माणसाने असं डोळे भरून बघत राहावं, हे त्याने कोणत्या पुस्तकात वाचलं नव्हतं. कचेरीच्या पायऱ्यांवर त्याने तिला गाठलं. "ताई, तू भांडली का नाहीस?" आणि ती नुसती म्हणाली, "आलास ना..." तेवढ्या दोन शब्दांनी त्याच्या छातीतला इतक्या वर्षांचा बर्फ कडाडून फुटला! तो लहान मुलासारखा तिच्या कुशीत शिरला. अधिकारी वरच्या खिडकीतून बघत होते. ते इतके रडले, इतके रडले, की दौतीतली शाई पातळ झाली आणि पुढचे सगळे परवाने फिक्या निळ्या अक्षरांत निघाले. धाकट्याने तिथेच पायरीवर स्वेटर अंगात घातला, तिची पिशवी उचलली, आणि म्हणाला, चल ताई, माझ्या घरी चल, आणि ती त्या क्षणापासून...

"खोटं."

काउंटरमागे थोरली उभी होती. हातातला पेला आणि फडकं दोन्ही थांबली होती. बाकांवरची मंडळी एकदम वळली. काहींनी तिच्याकडे पाहिलं, काहींनी तिच्या डोक्यावर भिंतीला लावलेल्या परवान्याकडे.

"बाकी पदरचं काय घालायचं ते घाला, काका, तुमची जीभ कोणी धरली नाही," ती म्हणाली. आवाज शांत होता. "पण तो आला असं नका सांगू. साहेबांनी विचारलं, कोणाची हरकत आहे का. मग पुन्हा विचारलं. मग त्यांनी शिक्का उचलला, तर मीच म्हटलं, साहेब, थोडं थांबू या, लांबून यायचं असेल कोणाला. चांगला माणूस, संध्याकाळपर्यंत थांबला. कोणी आलं नाही, काका. म्हणून तर परवाना मिळाला."