खांबाच्या सोळा पायऱ्या

टेलिफोन एक्स्चेंज कायमचं बंद व्हायला तासभर उरला होता, तरी लाईनी तपासणाऱ्या टेस्टरच्या नसत्या चौकशा काही संपत नव्हत्या. खरं तर सकाळीच सगळे नंबर शेजारच्या नव्या इमारतीत गेले होते. जुन्या हॉलमधल्या लोखंडी रॅकवर हजारभर सिलेक्टर माना खाली घालून बसले होते. कुणी नंबर फिरवला की सिलेक्टर अंकागणिक टप्पे चढायचा, वळायचा, आणि फोन ठेवला की टपकन खाली यायचा. एकतीस वर्षं त्या खडखडाटात काढलेल्या माणसाला ही शांतता करमेना. तो उगाच रॅकमधून हिंडू लागला आणि शेवटून तिसऱ्या रॅकपाशी थबकला.

एक सिलेक्टर वर होता. कुणीतरी लाईन धरून होतं.

त्याने पॉवर रूमच्या बाईंना हाक मारली.

"अडकला असेल," बाई चष्मा पुसत म्हणाल्या. "वय झालंय त्याचं. तुमच्यासारखंच."

"अडकलेला गार असतो. याला हात लावून बघा, गरम आहे."

"चारला मी फ्यूज काढणार. तोवर काय खेळायचं ते खेळा."

चालू बोलणं तोडायचं नाही, हा तिथला जुना नेम. शिवाय लाईन कुणाची हे कळल्याशिवाय टेस्टरला चैन पडली नसती. वायरीवर बोट ठेवून तो निघाला. एक टोक थेट त्याच्याच टेस्ट डेस्कवर गेलं. तिथले फोन आल्याचे दिवे सकाळीच काढून नेले होते, म्हणून कुणाला पत्ता लागला नव्हता. दुसरं टोक धरून तो मेन फ्रेमकडे गेला. बाहेरच्या सगळ्या लाईनी तिथे येऊन मिळत.

ही मिळत नव्हती. दोन्ही तारा मध्येच कापलेल्या होत्या, टोकांवर धूळ बसली होती. त्या कुणी कापल्या हे त्याला विचारावं लागलं नाही. बावीस वर्षांपूर्वी त्यानेच कापल्या होत्या.

त्या लाईनीच्या खांबावर तेव्हा त्याचा मेहुणा चढला होता. लाईनमन दुरुस्ती झाली की वरूनच टेस्ट डेस्कला फोन लावी आणि 'लाईन ओके, उतर' ऐकल्याशिवाय खाली येत नसे. त्या दुपारी टेस्टर "थांब जरा" म्हणाला आणि एक सिलेक्टर विचित्र वाजत होता तो बघायला गेला. बघता बघता पाऊण तास तिथेच रमला. आभाळ भरून आलं, वीज खांबावर पडली आणि मेहुणा गेला. मग त्याने ती लाईन कापून टाकली आणि डेस्कच्या वहीत लिहिलं, 'उतरायला सांगितले होते.' बायको अजूनही म्हणते, "आमचा दादा हट्टीच. सांगूनही उतरला नाही." आणि तो मान डोलावतो. बावीस वर्षं डोलावतोय.

तो डेस्कवर येऊन बसला. घड्याळात चारला दोन कमी होते. त्याने फोन कानाला लावला. आत वारा होता, आणि कमरेच्या चामडी पट्ट्याची करकर.

"टेस्ट," तो सवयीने म्हणाला.

"दाजी, अजून थांबू का?"

आवाजात राग नव्हता. साधं विचारणं होतं. टेस्टरला भीती वाटायला हवी होती, पण त्याला वाटलं ते बरं. इतकं बरं, की डोळे भरून आले.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "तुला वर ठेवून मी विसरलो. वहीत खोटं लिहिलं."

मग त्याने बावीस वर्षं राहिलेलं वाक्य म्हटलं.

"लाईन ओके. उतर."

पट्ट्याची कडी सुटली. बूट लोखंडावर टेकला, टण. टेस्टर मोजू लागला. खांबाला पायऱ्या सोळा, सगळ्या खांबांना तेवढ्याच. आठव्या पायरीला त्याने ठरवलं, आज घरी जाऊन बायकोला सगळं सांगायचं. बाराव्याला पहिलं वाक्यही जुळवून झालं.

पंधरा. सोळा.

त्याने श्वास सोडला.

सतरा.

अठरा.

पावलांची चाल तीच होती, सावकाश, जपून.

चार वाजले. बाईंनी फ्यूज काढले. रॅकवरचा तो एकटा सिलेक्टर टपकन खाली आला.

"घ्या, सुटला तुमचा," बाई पलीकडून म्हणाल्या.

हातातल्या फोनमध्ये आता करंट नव्हता.

तेहतीस. चौतीस.

वारा केव्हाच मागे राहिला होता. बुटांचा आवाज घुमत येत होता, विहिरीत उतरल्यासारखा.

चाळिसाव्या पायरीवर पाऊल थांबलं.

"दाजी," मेहुण्याने विचारलं, "अजून किती आहेत हो?"