मधली चित्रं

सीवूड्सच्या त्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये वैदेही रोज साडेदहाला पोचायची. दाराशी चपला काढायची, हात धुवायची, नीट कोरडे करायची आणि मगच मागच्या खोलीत शिरायची. ओलं बोट लागलं तर चाळीस वर्षांचा कागद कायमचा डागाळतो, हे तिने पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं होतं. ती फिजिक्समध्ये एम.एस्सी. झालेली. पीएच.डी.चा प्रवेश होईपर्यंत तुर्भ्याहून इथे यायचं आणि नंदकिशोर मिराशींची चित्रं स्कॅन करायची, असं तिचं काम.

मिराशींनी जन्मभर हाताने कार्टून फिल्म्स काढल्या. त्यांचा टपाल्या कावळा एका पिढीच्या मुलांना पाठ होता. चोचीत पाकीट, टोपी तिरकी, आणि उतरताना दर वेळी थोडा घसरायचा. पडद्यावरच्या एका सेकंदाला बारा चित्रं. दोन वर्षांपूर्वी ते गेले तेव्हा कपाटात, पलंगाखाली आणि माळ्यावर मिळून एकोणीस हजार कागद निघाले. टेबलावर एक छोटा आरसा अजून तसाच होता. पात्राचा चेहरा काढायच्या आधी ते तो स्वतः करून बघत.

"एकदा बेल वाजली तर हा कावळ्याचं तोंड करूनच दार उघडायला गेला," त्यांची बायको, स्मिताकाकू, सांगायच्या. "समोर सोसायटीचे सेक्रेटरी! ते परत कधी वर्गणी मागायला आले नाहीत."

कामाची रीतही काकूंनीच तिला समजावली. हालचालीचं पहिलं आणि शेवटचं चित्र मिराशी काढायचे. ती दोन्ही खाली दिवा असलेल्या काचेच्या टेबलावर, खुंट्यांत एकावर एक अडकवायची. वर कोरा कागद. खालून दिसणाऱ्या रेषांच्या मधलं चित्र त्या कागदावर दुसऱ्याने काढायचं. मधली किती हवीत, ते पहिल्या चित्राच्या कडेला आडव्या खुणा करून सांगितलेलं असायचं.

"तो दुसरा म्हणजे मी. तीस वर्षं," काकू म्हणाल्या. त्यांनी हात पुढे केला. बोटं थरथरत होती. "आता ही अशी."

शेवटच्या पाकिटात दोनच कागद होते. क्रमांक एक: खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसलेल्या काकू. क्रमांक सतरा: तीच खुर्ची, रिकामी. मागे उघडं दार आणि उंबऱ्याशी चपलांचे दोन जोड. एकातल्या डाव्या चपलेच्या पट्ट्यावर बारीक फुली. कडेला पंधरा खुणा.

"दुसरा जोड काकांचा?"

"छे गं. त्याचा पाय दहा नंबरचा. हा बाईचा जोड आहे." काकू हसल्या. "म्हणायचा, एवढं पूर्ण झालं की तुला न्यायला येतो. तू फक्त खुर्चीतून ऊठ. मग दोघं मोऱ्याच्या बंदरावर जाऊ, लाँचमध्ये बसू."

त्या संध्याकाळी निघताना वैदेहीने दोन्ही कागद खुंट्यांत अडकवले, आणि धूळ बसू नये म्हणून वर एक कोरा कागद घातला.

सकाळी त्या कागदावर चित्र होतं. क्रमांक दोन. खुर्चीतल्या काकूंची मान किंचित वळली होती. वैदेहीने कडेला बोट टेकवलं. शिसं बोटाला लागलं.

काकूंनी काढलं असेल, असं तिने धरलं. पण ही रेष कुठेही थरथरली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने कोऱ्या कागदाच्या कोपऱ्यात सही केली, खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली घरी नेली. सकाळी सहीच्या शेजारी क्रमांक तीन होता. मग तिने कॉलेजमधून व्हर्निअर आणला आणि टेबलावरची निळी पेन्सिल मोजून खणात बंद केली. पेन्सिल रोज दीड मिलिमीटर कमी भरत होती. तिने आकडे वहीत लिहिले. पुढच्या रकान्यात 'कारण' असं लिहून तो मोकळा ठेवला.

चौथ्या चित्रात काकूंचा चष्मा खिडकीत होता. त्या दुपारी काकू घरभर चष्मा शोधत फिरल्या. तो खिडकीत सापडला. पाचव्या चित्रात गुडघ्यावर शाल होती. दुपारी काकूंना थंडी वाजून आली.

वैदेहीने कोरा कागद घालणं बंद केलं. सकाळी कागद होता आणि सहावं चित्रही. किल्ली मात्र तिच्याच पर्समध्ये होती.

"कागद तुम्ही घातलात?"

"माझ्याकडे दुसरी किल्ली नसेल का? घर माझं आहे," काकू शांतपणे म्हणाल्या. "चित्र मी काढत नाही हं. मी फक्त कागद घालते."

"काकू, सतराव्यात खुर्ची रिकामी आहे."

"पाहिलंय मी."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"तीस वर्षं त्याच्या रेषेमागून रेष काढली. आता कसली भीती?" त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "तू टेन्शन घेऊ नकोस. चहा टाक."

सातव्या चित्रात काकूंचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर होते. उठायच्या आधी माणूस ठेवतो तसे.

वैदेही बराच वेळ त्या चित्राकडे बघत बसली. दोन टोकांमधलं अंतर कितीही वेळा अर्धं करता येतं. तिने रबर घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिने दुसऱ्याच्या नोंदीत फेरफार केला. उरलेल्या नऊ खुणा पुसल्या आणि त्या जागी अगदी दाटीने चाळीस केल्या. सतरावर काट मारून सत्तेचाळीस... मग मोजून अठ्ठेचाळीस केलं.

उपाय लागू पडला. पुढचे आठ दिवस चित्रं जवळजवळ सारखीच आली. काकूंचे कोपर केसभर वर सरकायचे, बस. काकू दुपारी टीव्ही बघायच्या, सिरियलमधल्या सासूला शिव्या घालायच्या. वैदेहीने हिशेब केला. अजून महिना तरी. तोवर काहीतरी सुचेल.

नवव्या दिवशी स्टेशनबाहेर तिची चप्पल तुटली.

"मॅडम, काळा धागा संपलाय. पांढरा मारू?" चांभाराने विचारलं.

"मारा काहीही. उशीर झालाय."

ती धावतपळत वर आली. दार ढकललं, चपला काढल्या, हात न धुताच मागच्या खोलीत गेली.

टेबलाखालचा दिवा लागलेला होता. क्रमांक सोळा. काकू अर्ध्या उठल्या होत्या. उरलेली एकतीस चित्रं कोणीतरी सोडून दिली होती.

आणि चित्रात आणखी एक हात होता. चौकटीच्या कडेने आत आलेला, काकूंना कोपरापाशी धरलेला. तरुण हात. मनगटावर घड्याळ, तबकडी आतल्या बाजूला.

वैदेहीने आपल्या मनगटाकडे पाहिलं. तबकडी आतल्या बाजूला होती. ती नेहमीच तसं घालायची.

"वैदेही," बाहेरून काकूंची हाक आली. आवाज अगदी रोजचा होता. "जरा हात दे गं. उठायचंय."

ती बाहेर आली. काकू खिडकीजवळ होत्या, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर. तिच्याकडे बघून त्या हसल्या.

नाही म्हणायचं, असं तिने ठरवलं होतं. हात मात्र पुढे झाला होता.

घाईत दार लावायचं राहिलं होतं.

उंबऱ्याशी काकूंच्या चपला होत्या. शेजारी तिच्या. डावीच्या पट्ट्यावर पांढऱ्या धाग्याची फुली.