नावाआधीची तिरकी रेघ

“माझी चाळीस फुलं हरवल्यात हो मॅडम!”

दारातून आत येता येताच त्याने हे जाहीर केलं आणि ऑफिसातल्या सगळ्या माना वर झाल्या. ऑफिस म्हणजे तरी काय, विजापूर रोडवरच्या औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. सुकन्याने चष्मा सावरला. समोर एक उंच, सावळा तरुण उभा होता. एप्रिलच्या उन्हातून मोटारसायकल हाणत आलेला, घामाघूम, आणि भुवयांवर सुताचा पांढरा तूस चिकटलेला. तो तूस पुसावा असं सुकन्याला वाटलं. असं एकदम काय वाटावं माणसाला... पण वाटलं.

“कसली फुलं?”

“चादरीवरची की! मी सोमशेखर, अक्कलकोट रोडच्या कारखान्यातनं आलोय. सकाळीच तुमच्या प्रोग्रॅममधनं नक्षी पाठवली. आन आता बघतोय तर तितं कायबी न्हाय.”

त्या कारखान्यात पन्नास वर्षांच्या नक्ष्या चौकटीच्या कागदांवर काढून ठेवलेल्या होत्या. कागद पिवळे पडायला लागले, म्हणून मालकांनी ते स्कॅन करून जपायचं ठरवलं. कागद स्कॅन करून पाठवायचं काम सोमशेखरचं, आणि ते नीट ठेवणारा प्रोग्रॅम सुकन्याचा.

तिने सर्व्हर उघडला, सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन बघितलं आणि तिला हसू फुटलं. चाळीसच्या चाळीस फुलं तिथे सुखरूप होती.

“तुम्ही फोल्डरच्या नावाआधी तिरकी रेघ दिलीय.”

“मग? एका रेघंनं काय हुतंय?”

“लई हुतंय,” ती म्हणाली, आणि आपल्या गावची, मंद्रूपची बोली ऑफिसात निसटली म्हणून स्वतःच चपापली. “बघा... प्रोग्रॅम दोन नावं जोडतो. आधी तुमच्या कारखान्याचं फोल्डर, मग तुम्ही लिहिलेलं नाव. मधली रेघ तो स्वतः घालतो. पण तुम्हीच नावाआधी रेघ दिलीत की त्याला वाटतं, तुम्ही पत्ता अगदी मुळापासून सांगताय. मग तो आधीचं सगळं सोडून देतो आणि फाईल थेट सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवतो.”

“अख्खा कारखाना सोडून देतो?”

“व्हय.”

“असला कसला वो प्रोग्रॅम! सोडायच्या आधी माणसाला विचारावं तरी...”

पुढच्या सोमवारी तो पुन्हा हजर. या वेळी मोर हरवले होते. त्याच्या पुढच्या सोमवारी वेलबुट्टी.

“परत रेघ?”

“परत.”

“शिकणार कधी तुम्ही?”

“शिकवणारी चांगली असली की शिकायला येळ लागतो, मॅडम.”

सुकन्याने मान स्क्रीनकडे वळवली आणि बराच वेळ ती काहीच न वाचता वाचत बसली.

ऑफिसचे मालक आदिनाथ सर एकदा म्हणाले, “अगं, एक ओळ घाल की. आधीची रेघ कापायची आणि मग जोडायचं. पाच मिनिटांचं काम.”

“करते सर,” ती म्हणाली. आणि केलं नाही.

आळस म्हणावा तर मुलगी आळशी नव्हती. पण ती ओळ घातली असती तर काही हरवलं नसतं, आणि हरवलं नसतं तर सोमवारी जिन्यावर ती पावलं वाजली नसती. सोमवारचा ड्रेस ती रविवारीच इस्त्री करून ठेवायची. आता बोला!

तो येताना डब्यातून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आणायचा. “अव्वानं दिलीया, सगळ्यांस्नी,” असं आईचा हवाला देऊन म्हणायचा आणि डबा बरोबर तिच्याच टेबलावर ठेवायचा. समोर मात्र तो फार बोलत नसे. बोलायचा तो टिपेत. प्रत्येक गठ्ठ्यासोबत नक्षीची माहिती देणारी एक छोटी फाईल, म्हणजे टीप, असायची. पहिली अगदी कोरडी होती: ‘कोयरी, चार रंगी.’ मग एकदा आलं, ‘कमळ. कंबर तलावातलं बघून काढलेलं. तुमची एसटी तिथनंच येती न्हवं?’ तिने खाली लिहिलं, ‘येते. खिडकी डाव्या बाजूची.’ पुढच्या टिपेत तुमीचं तू झालं होतं. फोनवर असलं काही लिहायची सोय नव्हती. तिचा फोन घरात सगळ्यांचा, आणि भाऊ बिरुदेव तर तो रोज चाळायचा. त्यामुळे नक्ष्यांच्या पोटात त्यांचं सगळं चाललेलं.

ऑगस्टमध्ये काम संपलं. चारशे बारा नक्ष्या आपापल्या जागी बसल्या. शेवटच्या दिवशी काम पुरं झाल्याची सही करूनही सोमशेखर गेला नाही, हेल्मेटचा पट्टा चाळवत उभा राहिला.

“सुकन्या... एक बोलायचं हुतं.”

“बोल की.”

“हितं न्हाई जमत.”

“मग लिही. टिपेत लिही, मी वाचते. वाट बघते.”

हे शेवटचं तिला बोलायचं नव्हतं, पण बोलून गेली. तो हसला, आणि जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या टाकत उतरला.

सुकन्याने वाट बघितली. दिवसातून दहादा कारखान्याचं फोल्डर उघडलं. टीप नव्हती. आठवडा गेला, पंधरवडा गेला. सर्व्हरच्या वरच्या पायरीवर जाऊन बघायला तिला अर्धं मिनिट लागलं असतं. पण आजवर काही हरवलं की तो स्वतः सांगत यायचा. या वेळी आला नाही, म्हणजे त्याने लिहिलंच नाही, असं तिने धरलं. मग तिला राग आला. मी का म्हणून विचारू? गरज त्याची होती. दिवाळीनंतर ऑफिसात त्याच्या लग्नाची पत्रिका आली, मुलगी विजापूरची. सगळे लग्नाला गेले, सुकन्याचं डोकं दुखत होतं.

पावणेतीन वर्षांनी सर्व्हर बदलायचा ठरला. जुन्यावरचं काय न्यायचं आणि काय टाकायचं, हे बघायला सुकन्या सगळ्यात वरच्या पायरीवर गेली. तिथे नेहमीच्या फोल्डरांमध्ये एक अनोळखी नाव होतं... ‘सुकन्यासाठी’. आत एकच फाईल होती.

‘अव्वानं विजापूरची पोरगी बघितलीया. मी अजून व्हय म्हटलं न्हाई. रविवारी चार वाजता कंबर तलावाच्या काठाला ये. आलीस तर घरी मी बघतो काय सांगायचं ते. न्हाई आलीस तर तुझ्या मनात न्हाई असं समजीन, परत तरास देणार न्हाई. आणखी एक. पयल्या येळेला रेघ चुकून पडलती. नंतरच्या सगळ्या मुद्दाम. तुझ्याकडं यायला कायतरी निमित्त नको का?’

मुद्दाम देता देता त्याच्या हाताला सवय लागली होती, आणि या नावाआधीही रेघ पडली होती. आणि तिने ती एक ओळ घातली नव्हती. सुकन्या दोन्ही हातांत तोंड धरून बसली. त्या रविवारी चार वाजता ती घरी होती, शेंगा फोडत. तो किती वेळ थांबला असेल? सहापर्यंत? अंधार पडेपर्यंत?

तिसऱ्या दिवशी ती अक्कलकोट रोडला गेली. त्याने आता तिथेच चादरी-टॉवेलांचं दुकान टाकलं होतं. सगळ्या नक्ष्यांची एक प्रत द्यायला आले, असं तिने सांगितलं. सोमशेखरच्या कानशिलावर एक-दोन पांढरे केस आले होते. बायको धनलक्ष्मी, गोरीपान आणि बोलघेवडी, कडेवर वर्षाचं लेकरू. “बसा की ओ, चहा घेतल्याबिगर सोडणार न्हाई,” म्हणत ती पडद्याआड गेली.

दोघंच उरली. तो टॉवेलांची थप्पी उगाच सरळ करत राहिला.

“एक विचारू?” तो हळूच म्हणाला. “मी शेवटी एक टीप पाठवलती. ती... वाचलीस?”

काय बोलायचं ते सगळं सुकन्याने येताना रिक्षात जुळवून ठेवलं होतं. तिला त्याच्याकडून काही नको होतं. फक्त त्याला कळायला हवं होतं, की ती आली असती, धावत आली असती. पडद्याआड कपबश्या वाजत होत्या. धनलक्ष्मी लेकराशी कानडीत काहीतरी लाडाने बोलत होती.

“वाचली,” ती म्हणाली.

थप्पीवरचा त्याचा हात थांबला. मग त्याने मोठा श्वास सोडला.

“बरं झालं बग सांगितलंस. मला आपलं वाटायचं, पोचलीच नसंल. ऑफिसात येऊन एकदा इचारायला पायजे हुतं, आन मी इचारलं न्हाई. लई दिवस तेच मनाला खात हुतं.” तो हसला, आल्यापासून पहिल्यांदाच मोकळं. “तुझ्या मनात नव्हतं, तर नव्हतं. त्यात काय एवढं?”

सुकन्याने होकाराची मान हलवली.

चहा आला. तिने तो सगळा प्यायला, छान झालाय म्हणाली, लेकराचा गाल कुरवाळला. धनलक्ष्मीने आग्रहाने एक टॉवेल हातात ठेवला. सोमशेखर रस्त्यापर्यंत आला, रिक्षा थांबवली, “येत जा गं,” म्हणाला आणि हलक्या पावलांनी दुकानात परतला.

वाचली हे खोटं नव्हतं, परवाच तर वाचली होती. मान हलवली ते मात्र खोटं होतं, आणि आता ते तिला जन्मभर खरं धरून चालायचं होतं. सात रस्ता चौक येईपर्यंत ती नव्या टॉवेलात तोंड खुपसून रडली.