कालव्याच्या वळणावर मुरली

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. शेषगिरी माझा शेजारी आहे, आणि थापा मारणाऱ्यांतला तो नव्हे.

गेल्या डिसेंबरची सतरा तारीख. संध्याकाळचे साडेसात, अंधार मिट्ट. नशेची सुई टोचून घेणाऱ्यांच्या जखमा धुणं, पट्ट्या बांधणं हे शेषगिरीचं काम. मुरलीकृष्णाला अँटिबायोटिकच्या गोळ्या द्यायला तो कालव्याकाठानं मोपेडवर निघाला होता. मुरली आणि त्याचा दोस्त प्राणेश, दोघं एकाच सुईवर. टोचण्याआधी सुई जिभेवरून फिरवायची, म्हणजे म्हणे स्वच्छ होते. तोंडातली घाण सरळ रक्तात! मुरलीच्या दंडाला हे एवढं गळू. सकाळीच शेषगिरीनं त्याला बजावलं होतं, आस्पत्रीत जा. पण "अक्काला कळलं तर जीव देईल ती" म्हणून पोरगा रडला, आणि हा विरघळला. संध्याकाळी गोळ्या आणतो म्हणाला. चुकलंच त्याचं.

वळणावर मुरलीच उभा. पूर्ण बाह्यांचा शर्ट, घामानं चिंब.

"इथं काय करतोस रे? बस मागं. आता आस्पत्रीच."

"मला नको, अण्णा. प्राणेशला न्या. पंपघरात पडलाय. कालपासून ताप आहे, कुणाला सांगू नको म्हणाला. सीक्रम चला, लवकर."

तो मागं बसला. खांद्यावर हात ठेवला. हात कसला, तापलेला तवा.

"फार दुखतंय का रे?"

"आता नाही दुखत."

पंपघर आलं. मोपेड थांबली. शेषगिरीनं मागं पाहिलं.

कुणी नाही.

आत मोबाइलचा उजेड टाकला. प्राणेश कण्हत होता. दंड सुजून काळानिळा. शेजारी... मुरली. भिंतीला टेकलेला. डोळे उघडे. शेषगिरीनं मनगट धरलं.

गार. ताठ.

"दुपारीच गेला," प्राणेश पुटपुटला. "हाका मारत होता... तुम्हाला."

प्राणेश वाचला. दोन दिवसांचा उशीर झाला असता तर नसता, असं डॉक्टर म्हणाले. मुरलीच्या अक्काला शेषगिरीनं स्वतः जाऊन सगळं सांगितलं, तिच्या पायाशी बसून रडला.

त्या रात्री घरी येऊन शर्ट काढला, तर खांद्यावर पाच बोटं. लालभडक. मलमं झाली, रक्त तपासून झालं. जंतू नाही, ताप नाही. वर्ष होत आलं, ठसा तसाच.

परवा मी हात लावून पाहिला. चटका बसला.